सराफ म्हणाले, ‘वहिनी, हा नुसता दगड आहे!’

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझी मुलगी लेहला फिरायला गेली होती. तिथल्या बाजारातून तिने माझ्यासाठी गर्द निळ्या मण्यांची माळ आणि त्याच दगडाचं एक सुटं, बदामाच्या आकाराचं पदक आणलं. दुकानदाराने ‘अस्सल अफगाणी लॅपिस लाझुली’ म्हणून दोन्हींचे मिळून साडेसहा हजार घेतले. निळ्यात सोनेरी ठिपके आहेत, मधूनमधून पांढरे डागही आहेत. पदक सोन्यात मढवून घ्यावं म्हणून नेहमीच्या सराफांकडे गेले, तर त्यांनी भिंगही न लावता ते परत सरकवलं. म्हणाले, ‘वहिनी, हे रत्न नव्हे, नुसता दगड आहे. मोडीत याचं काही येणार नाही.’ जाऊबाईंच्या मते मुलीचे पैसे पाण्यात गेले. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, नीलमला पर्याय म्हणून हा चालतो, मधल्या बोटात अंगठी करा. मला त्याचा रंग फार आवडलाय. तो खरा आहे का? सोन्यात करू का? रोज घालता येईल का? मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न आहे, तेव्हा घालायचा विचार होता. मुलीने स्वतःसाठी हिरव्यात लाल ठिपके असलेलं ‘रूबी झोइसाइट’चं ब्रेसलेट आणि एक चमचमता ‘सनस्टोन’ही घेतलाय. त्याबद्दलही सांगाल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई, सराफांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लॅपिस खरोखरच दगड आहे. हिरा, माणिक, नीलम, पाचू म्हणजे एकेका खनिजाचे स्फटिक. लॅपिस हा तीन-चार खनिजं एकत्र वाढून झालेला खडक आहे. तुमच्या अंगणातला जांभा आणि घाटातला काळा कातळ खडक आहेत, त्याच अर्थाने. त्यातला निळा रंग लाझुराइटचा, पांढरे डाग कॅल्साइटचे आणि सोनेरी ठिपके पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे. त्यातून आरपार दिसत नाही, त्यामुळे पैलू पाडून काही साधत नाही. मणी घासतात, नाहीतर वरून घुमटासारखा गोल करतात. सराफाच्या पेढीवर रत्नाची परीक्षा होते ती पाणी, पारदर्शकपणा आणि पैलू बघून. या तिन्हींत लॅपिस नापास होणारच. तो त्या परीक्षेला बसलेलाच नाही.

मोडीचंही ते खरं बोलले. लॅपिसला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो आणि गल्लीतला कुठलाही पेढीवाला तो परत घेणार नाही. पण मोड नाही म्हणजे मोल नाही, हे मला पटत नाही. पैठणी तरी कुठे मोडीत जाते!

जगातला उत्तम लॅपिस आजही प्रामुख्याने एकाच जागेहून येतो. अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतात कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत. तिथला संगमरवर पोटात हे निळे पट्टे घेऊन आहे, आणि माणसं ते किमान सहा हजार वर्षं खणून काढतायत. चिलीत आणि रशियात बैकल सरोवराच्या बाजूलाही लॅपिस मिळतो. चिलीच्या मालात पांढरं जास्त असतं. कोकचा जिथे अमुदर्या नदीला मिळते, त्याच्या जवळ शोर्तुगई इथे हडप्पा संस्कृतीची एक वसाहत सापडली. सिंधूच्या खोऱ्यातली माणसं इतक्या लांब जाऊन राहिली, त्याचं एक मोठं कारण हा दगड असावा असं पुरातत्त्वज्ञ मानतात. मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत याचे मणी ढिगाने निघाले. पार बदख्शानहून तिथवर ते पोचले, तेही उंटांच्या तांड्यांचा जमाना सुरू होण्याआधी.

आपल्याकडचा पुरावा बघायचा तर अजिंठ्याला जा. तिथल्या चित्रांतले गेरू, पिवळी माती, चुना, काजळी हे रंग जवळपासचे. निळा मात्र लॅपिसची पूड करून केलेला आणि वायव्येकडून व्यापारी मार्गाने आलेला. ताजमहालाच्या संगमरवरात फुलापानांचं जे जडावकाम आहे, त्यातही लॅपिस आहे. तेव्हा ‘नुसता दगड’ हे जाऊबाईंना सांगताना एवढी यादी हाताशी असू द्या.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. तुमच्याकडे आहे तो लॅपिसच आहे का? पत्रावरून छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत: पांढरे डाग आणि सोनेरी ठिपके. नक्कल करणारा सहसा ठसठशीत, सगळीकडे सारखा निळा रंग देतो. स्वस्त माळेतला प्रत्येक मणी शाईत बुडवल्यासारखा एकसारखा असेल, एकाही मण्यावर डाग नसेल, तर मला आधी शंका येते. डागांमुळे लॅपिसची प्रत उतरते हे खरं. एकसंध गर्द निळा, पांढरं जवळजवळ नसलेला आणि पायराइट अगदी थोडा असलेला माल सर्वात महाग. पण प्रत उतरणं वेगळं आणि नकली असणं वेगळं.

नकलेची गोष्टही तितकीच जुनी. इजिप्तचा राजा तुतनखामुन याचा सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचा सोन्याचा मुखवटा तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्याच्या भुवया आणि डोळ्यांभोवतीची रेघ खऱ्या लॅपिसची आहे. डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे मात्र रंगीत काचेचे आहेत, लॅपिससारखे दिसावेत म्हणून केलेले. फॅरोच्या मुखवट्यावर दोन्ही शेजारी शेजारी बसलेत, मग लेहच्या बाजाराला नावं ठेवून काय होणार?

आज बाजारात लॅपिस म्हणून जे खपतं त्यात मुख्यतः हे असतं: निळा रंगवलेला हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट (हे दोन्ही मुळात पांढरे), निळा रंगवलेला जॅस्पर (याला दुकानदार ‘स्विस लॅपिस’ असं भारदस्त नाव देतात), सोडालाइट (हे दुसरंच एक निळं खनिज), लॅपिसच्याच चुऱ्यात राळ घालून दाबलेली वडी, आणि काच. याशिवाय एक मधला प्रकार आहे आणि तोच सर्वात जास्त आढळतो: खरा लॅपिस, पण पांढरे डाग झाकायला वरून निळा रंग पाजलेला आणि मेण चोळलेला. त्याला नकली म्हणता येणार नाही. मात्र विकताना हे सांगायला हवं, आणि सांगत नाहीत.

घरच्या घरी काय करता येईल? आधी एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून मण्यांची भोकं बघा. रंग पाजलेला असेल तर तो भोकाच्या कडेला आणि बारीक चिरांत साचून गडद दिसतो. पांढऱ्या डागाची कड निळसर, फुटलेली दिसली तर तोही रंगच. पायराइटचे ठिपके ओबडधोबड, कोनदार, पितळी रंगाचे असतात आणि दगडात रुतलेले असतात. कुठे दाट, कुठे अजिबात नाहीत, असे विखुरलेले. सगळीकडे सारखी पेरलेली झगमग दिसली तर ती काच.

मग नखांचं पॉलिश काढायचं द्रव घ्या, पण ज्यात अॅसिटोन आहे तेच. कापूस लावलेल्या काडीवर थोडं घेऊन, माळेच्या मागच्या बाजूचा, केसांखाली जाणारा एखादा मणी हलक्या हाताने पुसा. कापूस निळा झाला तर रंग पाजलेला आहे. नुसता किंचित तेलकट, मळकट झाला तर ते मेण. कापूस स्वच्छ राहिला तर चांगलं लक्षण, पण पूर्ण खात्री नाही, कारण काही जण रंगावर पारदर्शक थर देऊन तो पक्का करतात. दोऱ्याला अॅसिटोन लागू देऊ नका, आणि पुसून झाल्यावर मणी ओल्या फडक्याने टिपून घ्या.

माझी सर्वात आवडती चाचणी तराजूची, आणि तुमचं पदक सुटं आहे म्हणून ती तुम्हाला करता येईल. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमचा काटा चालणार नाही. आधी पदक कोरडं तोला. समजा २४.६ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. पेल्याच्या तळाला किंवा बाजूला लागता कामा नये, दोरा हातातच असू द्या. काटा आता जो आकडा दाखवेल तो म्हणजे पदकाने बाजूला सारलेलं पाणी. समजा ८.८ आलं. २४.६ ला ८.८ ने भागा: २.८ च्या आसपास. हे झालं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. लॅपिसचं साधारण २.७ ते २.९ असतं. हाऊलाइट २.५ च्या आसपास येतो, सोडालाइट २.३ च्या जवळ, साधी काच २.५ च्या आसपास. मॅग्नेसाइट उलट जड, ३ च्या घरात. राळेत दाबलेला चुरा हलका भरतो. माळेवर हा प्रयोग करू नका, दोरा पाणी पितो आणि आकडा फसवतो.

आता जे करू नये ते. इंटरनेटवर सुई तापवून टोचा, लिंबू पिळा, आम्लाचा थेंब टाका असे उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. लॅपिसवर आम्ल टाकलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो, हे खरं आहे. लाझुराइटमध्ये गंधक असतं आणि निळा रंगही त्या गंधकामुळेच असतो. आम्लाने ती रचना मोडते, हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि त्या जागेचा रंग जातो. चाचणी यशस्वी, दगड खराब! कॅल्साइटही आम्लात विरघळतो, तिथे खड्डा पडतो. जमिनीवर घासून, खिळ्याने ओरखडून बघण्याचंही तेच.

(बाजूला एक सांगायचं तर लॅपिसच्या पुडीपासून होणारा निळा रंग युरोपात इतका महाग होता की तो कृत्रिमरीत्या करणाऱ्याला फ्रान्समधल्या एका संस्थेने ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये जाँ-बाप्तिस्त गिमे याने ते मिळवलं. धोतरं-सदरे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्यात घालायची जी निळीची पूड घरोघर असायची, ती हाच रंग. अजिंठ्याच्या चित्रकारांना जो रंग हिंदुकुश ओलांडून येईपर्यंत थांबावं लागे, तो आपल्या आज्यांनी बादलीत कालवला.)

एवढं करूनही शंका उरली तर पदक रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत देता येतं. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे, जयपुरातही आहेत. पण तुमच्या किमतीच्या वस्तूसाठी मुंबईची खेप आणि चाचणीचा खर्च करावा असं मला वाटत नाही. भिंग, अॅसिटोन आणि तराजू या तिन्हींत पदक पास झालं तर मी तरी निर्धास्त होईन.

अंगठीचा विषय मी एका वाक्यात मिटवते: करू नका. खनिजावर ओरखडा किती सहज पडतो ते मोहस नावाच्या १ ते १० च्या पट्टीवर मोजतात, १० म्हणजे हिरा. त्यावर लॅपिसची कठीणता साधारण ५ ते ५.५, त्यातल्या कॅल्साइटची तर ३. आपल्या घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यांची कठीणता ७. रोज वापरलेल्या अंगठीतला लॅपिस आधी झिलई घालवतो, मग पांढरे डाग खोल जातात, आणि मग कधीतरी बेसिनच्या कडेला आपटून टवका उडतो. त्यातून आपला हात दिवसभर कशात असतो? लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ, भांड्यांचा साबण. एकही गोष्ट त्याला मानवणारी नाही.

नीलमबद्दल. नीलम हे कुरुंद नावाचं खनिज, माणकाचा सख्खा भाऊ, कठीणता ९. लॅपिसचा त्याच्याशी निळेपणापलीकडे संबंध नाही. ग्रहांचं काय ते मी सांगणारी नव्हे; ज्याचा त्याचा विश्वास. पण बाजारात ‘नीलमचं उपरत्न’ म्हटलं की तोच लॅपिस ग्रॅमऐवजी कॅरेटने किंवा रतीने विकला जातो. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. कॅरेटचा आकडा छोटा वाटतो. त्याला पाचने गुणा म्हणजे ग्रॅमचा भाव कळेल आणि डोळे उघडतील. ‘अभिमंत्रित’ म्हणून वर आणखी पैसे मागितले तर सरळ उठून या. अंगाला लागून हवा असेल तर पदक आहेच, गळ्यात घाला.

सोन्यात की चांदीत? माझं मत स्पष्ट चांदीकडे आहे. असं पदक सोन्यात मढवायचं तर त्याला धरेल इतकं सोनं घालावं लागेल, वर घडणावळ. ते सोनं त्या पदकात अडकून राहणार. शिवाय लॅपिसचा निळा चांदीत जितका उठून दिसतो तितका पिवळ्या सोन्यात मला दिसत नाही. तुम्हाला सोनंच हवं असेल तर हरकत नाही, इजिप्तच्या राजांना तेच आवडायचं. फक्त पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या आणि हॉलमार्क बघा. दगड जड आहे. तो सोन्याच्या भावात तोलला गेला तर जाऊबाईंचं म्हणणं खरं होईल.

कारागिराशी बोलताना मात्र जरा खमकेपणा दाखवा, कारण लॅपिसचे बारा वाजतात ते बहुतेक वेळा कारागिराच्या टेबलावरच. दागिना झाळताना धातू शेकडो अंश तापतो. मग त्यावरचा काळेपणा काढायला तो तेजाबात, म्हणजे पातळ गंधकाम्लात टाकतात. हिऱ्या-माणकाच्या सवयीचा कारागीर खड्यासकट तेजाबात टाकेल आणि निळ्या पदकाची राखाडी चिंध्यांची गोधडी करून देईल. त्याला क्रम सांगा: आधी कोंदण घडवा, झाळा, तेजाबातून काढा, धुवा, उजळा, आणि खडा अगदी शेवटी बसवा. पुढे कधी कडी तुटली आणि झाळायची वेळ आली तरी आधी खडा काढायचा. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेने धुवायला द्यायचं नाही. आणि कोंदण बंद, चारी बाजूंनी पट्टीचं हवं. चार नख्यांनी पकडायचं असलं तर नखी दाबताना दगडाची कड जाते. तुमचे सराफ हे सगळं ऐकून घेणारे नसतील, तर चांदीचं दगडकाम करणारा दुसरा माणूस शोधा. रागावू नका त्यांच्यावर, त्यांचा धंदा सोन्याचा आहे.

सांभाळायचं कसं, हे तुम्हाला वेगळं शिकवायची गरज नाही. घरात पोवळं असेल तर ते जसं वापरता तसं याला वापरा. पोवळंही कॅल्शियम कार्बोनेटच, कॅल्साइटच्याच कुळातलं, तेही आम्लाला आणि घामाला घाबरतं. अत्तर, स्प्रे, केसांचा रंग आधी, माळ शेवटी. काढल्यावर ओलसर मऊ फडक्याने टिपून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवायची. पाण्यात भिजत घालायची नाही. चांदी काळी पडली की आपल्याकडे चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी हे सगळं हाताशी येतं. यातलं काहीही नको. चांदीपुरतंच चांदी पुसायचं कापड फिरवा, दगडावर नेऊ नका. चिपळूणच्या पावसाळ्यात माळ प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंडून ठेवू नका, घाम तसाच राहिला तर मण्यांना आणि दोऱ्याला दोघांनाही वाईट.

माळ रोज घालता येईल का? माझ्या मते येईल, पण घरकामात नको. बाहेर जाताना, कार्यक्रमाला जरूर. गळ्यातल्या वस्तूला हातातल्या वस्तूइतके फटके बसत नाहीत.

आणि रोजच्या अंगठीची हौस असेलच तर आपल्याच मातीतला दगड घ्या. दख्खनचा काळा कातळ लाव्हा थंड होऊन झालेला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिका झिरपून अकीक तयार झाला. नद्यांच्या पात्रात गोट्यांच्या रूपाने तो आजही सापडतो. कठीणता ६.५ ते ७, म्हणजे धुळीला पुरून उरणारा, आणि आम्लाचा त्याला त्रास नाही. गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरला याच लाव्ह्यातून आलेला अकीक काढतात आणि खंभातला घासतात. हे काम हडप्पाच्या काळापासून चाललंय. मळकट तपकिरी गोटे उन्हात आणि मग भट्टीत तापवले की त्यातलं लोह लालभडक होतं. ही भाजणीही तितकीच जुनी. त्यातला रंग लोहाचा असल्याने तो उतरत नाही. फक्त गडद निळा, गुलाबी, भडक हिरवा अकीक समोर आला तर तो बहुधा रंगवलेला आहे हे ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या कातळात मिळणारे जिओलाइटचे देखणे गुच्छ, अपोफिलाइट वगैरे मात्र अंगठीला नकोत. ते लॅपिसहून नाजूक, शोकेसमध्येच शोभतात.

कठीणता हीच सगळी कसोटी आहे असंही नाही. जेड हाही खडकच म्हणायचा, त्याचा नेफ्राइट प्रकार ६ ते ६.५ कठीण, म्हणजे पाचूपेक्षा कमी. पण त्याचे बारीक तंतू एकमेकांत असे विणलेले असतात की हातोडीलाही तो सहज दाद देत नाही. पाचू मात्र एका धक्क्यात चिरतो. चीनमध्ये जेडला सोन्याहून वरचं स्थान होतं, आणि मुघलांनी त्यावर सोन्याचं कुंदनकाम करवून घेतलं. तेव्हा दगड म्हटला की तो कमी प्रतीचा, हा हिशेब सराफकट्ट्याबाहेर चालत नाही.

लेकीच्या ब्रेसलेटबद्दल. रूबी झोइसाइट हाही खडक. टांझानियात लाँगिडोजवळ मिळतो. हिरवा झोइसाइट, त्यात लाल माणिक, आणि मधे मधे काळा हॉर्नब्लेंड. त्यातलं माणिक खरंच माणिक असतं, पण अपारदर्शक, त्यामुळे माणकाचा भाव त्याला लागू नाही. खरेपणाची एक गंमतशीर खूण आहे: माणिक ९ कठीण, झोइसाइट ६ ते ७, म्हणून झिलई करताना हिरवं जास्त घासलं जातं आणि लाल ठिपके किंचित उंच राहतात. मण्यावरून नख फिरवून बघा, अडखळेल. पण हिरवा भाग चकाकणाऱ्या अभ्रकासारखा दिसत असेल आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट निळी कड असेल, तर तो आपल्या कर्नाटकातून येणारा रूबी फुक्साइट आहे. तोही खरा दगड आणि दिसायला सुंदर, पण फुक्साइट अभ्रकच असल्याने मऊ, नखाएवढाच कठीण. हाताच्या ब्रेसलेटला तो टिकायचा नाही. टेबलावर टाइप करता करताच घासला जाईल. त्याचे मणी कानात घालायला सांगा.

आणि तो चमचमता ‘सनस्टोन’. तांबूस-तपकिरी असेल आणि कुठूनही फिरवला तरी सगळीकडून सारखीच दाट झगमग दिसत असेल, तर ती काच आहे. वितळलेल्या काचेत तांब्याचे सूक्ष्म स्फटिक वाढवून ती करतात. मूळ कसब व्हेनिसच्या काचवाल्यांचं, सतराव्या शतकातलं. खरा सनस्टोन हा फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा, त्याची चमक ठरावीक कोनातच पेटते आणि दगड जरा फिरवला की विझते. काच काचेच्या भावात घेतली असेल तर त्यात वाईट काही नाही, दिसते छानच. किती दिले ते मात्र लेकीला विचारू नका, जाऊबाई ऐकत असतील.

लग्नाआधी एक काम करा. लेहच्या बाजारातल्या माळा बहुतेक वेळा साध्या दोऱ्यात ओवलेल्या असतात, आणि मण्याच्या भोकाची कड धारदार असली की तो दोरा महिना-दोन महिन्यांत तुटतो. पटव्याकडून माळ नव्याने गाठवून घ्या, प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ मारायला सांगा. त्याने मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि ऐन मांडवात दोरा तुटलाच तर एखादाच मणी पडेल, सगळे पाटाखाली शोधावे लागणार नाहीत. पदक त्यातच मधोमध अडकवायचं असेल तर चांदीचं काम आधी उरका, म्हणजे पटव्याला कडीच्या मापाने जागा सोडता येईल.